माकडखाऊ गरुड आणि खेकडेखाऊ माकड

फिलिपिन्सच्या एकाच जंगलातल्या दोन रहिवाशांची नावं त्यांच्या जेवणावरून पडली. दोघांच्याही ताटात बहुतेक वेळा भलतंच असतं.

१८९६ साली जॉन व्हाइटहेड या इंग्रज संग्राहकाला समार बेटावर एक प्रचंड गरुड मिळाला. लंडनमध्ये पक्षीतज्ज्ञ ऑगिल्व्ही-ग्रांटने त्याचं नाव ठेवलं पिथेकोफागा जेफरी. पहिला शब्द ग्रीक, अर्थ माकडं खाणारा. दुसरा व्हाइटहेडच्या वडिलांच्या मानाचा. तो माकडं खातो हे बेटावरच्या लोकांचं सांगणं. तेवढ्यावर बारसं उरकलं.

पुढे मिंडनाओ बेटावर घरट्यांवर नजर ठेवली गेली, तेव्हा निघालं वेगळंच. पिल्लासाठी येत होता तो मुख्यतः कोलुगो: अंगाच्या कातडीची झूल पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, मांजराएवढा प्राणी. लुझॉन बेटावर कोलुगो नाहीच. तिथे मोठे उंदीर, उदमांजरं, घोरपडी, साप. माकड अधूनमधून. हिशेब साधा आहे. गरुड साडेचार ते आठ किलोचा, आणि थोराड नर माकडही वजनाने जवळपास तेवढंच. शिवाय ते टोळीने राहतं, ओरडतं, दात दाखवतं. इतकी मारामारी करण्यापेक्षा दिवसा झोपलेला कोलुगो सोपा.

१९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी फर्मान काढून ‘माकडखाऊ’ हे नाव हटवलं आणि ‘फिलिपिन्स गरुड’ रुजू केलं. १९९५ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला. शास्त्रीय नाव मात्र नियमांमुळे तेच राहिलं. जंगलं तुटत गेली आणि जोडपं दोन वर्षांतून एकच अंडं घालतं, त्यामुळे आज रानात सुमारे चारशेच जोड्या उरल्याचा अंदाज आहे.

माकडाच्या वाट्याला असं फर्मान आलं नाही. सह्याद्रीतल्या माकडाचं हे भाऊबंद, आपल्या निकोबारमध्येही आढळतं. तिवरांच्या चिखलात खेकडे धरताना दिसलं, म्हणून खेकडेखाऊ. खरं पोट भरतं फळांवर. फिलिपिन्समधून ते प्रयोगशाळांसाठी परदेशी पाठवलं जाई. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या रेस्टन गावी अशाच माकडांमध्ये इबोलाचा एक नवा प्रकार सापडला आणि तो गाजला. प्रयोगशाळांत या माकडाला आजही सायनोमोल्गस म्हणतात. ग्रीकात या शब्दाचा अर्थ होतो, कुत्रीचं दूध काढणारा.