पॉइंट टू-टू रायफलच्या बॅरलमधला पहिला इंच

50 मीटर रायफल नेमबाजीत निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर, आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून नेम साधत कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं काडतूस मात्र 1887 सालापासून चालत आलेलं आहे: पॉइंट टू-टू लाँग रायफल. त्याची आणि बॅरलची गाठ पडते ती चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडापासून जेमतेम एक इंचात. नेमबाजांमध्ये साइट, स्टॉक, ट्रिगर यांची चर्चा भरपूर होते. या इंचाची व्हायला हवी तेवढी होत नाही.

हे काडतूस हातात घेतलं की बोटांना हलकासा मेणचट थर लागतो. तो शिशाच्या गोळीवरच्या वंगणाचा. मोठ्या रायफलींच्या काडतुसात गोळीचं अंग पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळीच्या, आत बसतं. इथे गोळीचा घेर पुंगळीच्या बाहेरच्या घेराइतकाच, सुमारे 5.7 मिलिमीटर असतो आणि आत शिरते ती फक्त तिची अरुंद टाच. त्यामुळे पुंगळीची पकड नाजूक असते. बोटाने नेट लावला तर गोळी तिरकी होऊ शकते आणि तिरकी झालेली गोळी आपसूक सरळ होत नाही.

तिला सरळ धरण्याचं काम चेंबरचं. शिकारीच्या किंवा साध्या सरावाच्या रायफलमध्ये चेंबर किंचित सैल आणि लांब ठेवतात. कुठल्याही कंपनीचं, थोडं मळलेलं काडतूसही त्यात सहज बसतं. पण तिथे गोळीला रायफलिंगचे आटे, म्हणजे तिला फिरकी देणाऱ्या बॅरलच्या आतल्या नागमोडी खाचा, भेटण्याआधी थोडं मोकळं अंतर कापावं लागतं आणि त्या अंतरात ती कशी कलेल याचा भरवसा नसतो. स्पर्धेच्या रायफलमधलं, म्हणजे मॅच चेंबर घट्ट आणि आखूड असतं. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी दांडा, बंद करतानाच गोळीचा पुढचा भाग आट्यांत थोडासा रुततो, त्याचा अवरोध हाताला जाणवतो. बार उडण्याआधीच गोळी बॅरलच्या मध्यरेषेवर आलेली असते.

हा फरक निशाण्यावर किती दिसतो, त्याचा हिशोब सोपा आहे. या बॅरलचे आटे बहुधा 16 इंचांत, म्हणजे 406 मिलिमीटरमध्ये एक फेरा घेतात. गोळी सेकंदाला 325 मीटर वेगाने निघाली तर ती सेकंदाला 800 फेरे घेत असते. समजा, ती तिरकी शिरून दबली आणि तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून फक्त 0.01 मिलिमीटर सरकला. बॅरलमध्ये असेपर्यंत तो मध्य गोल फिरत राहतो. तोंडातून सुटताच गोफणीतल्या दगडासारखा बाजूला निघतो, सेकंदाला 5 सेंटिमीटर वेगाने. 50 मीटर जायला सुमारे 0.16 सेकंद लागतात, तेवढ्यात गोळी 8 मिलिमीटर बाजूला जाते. गोळीची कड दहाच्या रेषेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून मध्यापासून 8 मिलिमीटर ही दहा गुणांची अगदी शेवटची हद्द. डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने दहाचा नऊ होऊ शकतो, आणि त्यात नेमबाजाचा काहीच दोष नसतो.

मग सगळीच चेंबर्स घट्ट का करत नाहीत? कारण याच मापांवर सुरक्षितताही अवलंबून आहे, आणि ती नेहमी त्याच दिशेला ओढत नाही.

पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस आहे. त्यात शिलगणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन ही कड बॅरलच्या मागच्या काठावर चेपते आणि ठिणगी पडते. कड चेपली जायची तर पितळ पातळच हवं. आतला दाब मात्र 165 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सोळाशे पटींपर्यंत जाऊ शकतो. बोल्टच्या तोंडावर त्या क्षणी साडेतीनशे किलोच्या आसपास भार येतो. पातळ पितळाला चहूबाजूंनी पोलादाचा आधार असेल तरच ते तग धरतं. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची, खाच किंवा काडतूस आत सरकण्याचा उतार गरजेपेक्षा खोल कापला गेला, तर तिथेच पितळ फुगतं, कधी फाटतं, आणि तापलेला वायू मागे, डोळ्यांच्या दिशेने येतो. शूटिंगचा चष्मा यासाठीच.

बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यामध्ये रिमसाठी सोडलेली जागाही तशीच जोखमीची. रिमची जाडी जास्तीत जास्त 1.1 मिलिमीटरच्या आसपास असते. जागा जास्त झाली तर पिनच्या फटक्याने आधी काडतूसच पुढे सरकतं, मसाला नीट चेपला जात नाही, वेग शॉटगणिक बदलतो किंवा बार उडतच नाही. शिवाय रिम मागून उघडी राहते. जागा कमी पडली तर बोल्ट पुरता बसत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये घट्ट चेंबर म्हणूनच त्रासदायक ठरतं. तिथे बोल्ट हाताने नाही, स्प्रिंगने बंद होतो. मेण आणि काजळीमुळे काडतूस अर्धवट अडकलं आणि तशातच बार उडाला, तर पुंगळी बाहेरच फुटते. अशा रायफलींसाठी बेंट्झ नावाची मधली रचना निघाली: सैल चेंबरपेक्षा आटोपशीर, तरी न उडालेलं काडतूस सुखरूप बाहेर येईल इतकी मोकळी.

मॅच चेंबरमधून न उडालेलं काडतूस काढताना गोळी आट्यांतच राहून नुसती पुंगळी हातात येऊ शकते. दारू ट्रिगरच्या यंत्रणेत सांडते आणि बॅरल बंद झालेलं असतं. त्यामागे दुसरं काडतूस घालणं हा सर्वांत मोठा धोका. बॅरल निशाण्याकडेच ठेवून रेंज अधिकाऱ्याला बोलवावं. चाप ओढूनही बार उडाला नाही तर बोल्टला हात लावण्याआधी 30 सेकंद थांबावं. सीसीआय या काडतूस कंपनीच्या स्टिंगरसारखी काडतुसं मॅच चेंबरमध्ये घालूच नयेत. त्यांची पुंगळी नेहमीपेक्षा दोनेक मिलिमीटर लांब असते. तिचं तोंड आट्यांत शिरून आवळलं जातं, गोळी सुटत नाही आणि दाब चढतो.

चांगलं चेंबरही वापराने बिघडतं. पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे जळकी दारू, शिसं आणि मसाल्यातली काचेची पूड यांचं कडक कडं धरतं. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड 'शॉर्ट' काडतुसं वापरली तर ते आणखी मागे, पुंगळीच्याच जागेवर बसतं. बोल्ट जड जाऊ लागला, एखादा शॉट विनाकारण भरकटला, की आधी इथे पाहावं. सॉल्व्हंट काही मिनिटं मुरू द्यावं, ब्राँझचा ब्रश चेंबरकडूनच घालून फिरवावा, मग कोरडी चिंधी. सफाईनंतर वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिले काही शॉट मोजणीत धरू नयेत.

रिकाम्या रायफलचा चाप ओढायची सवयही चेंबरला महागात पडू शकते. रिम नसली की काही रायफलींची पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. तिथे पडलेला खड्डा डोळ्यांना दिसत नाही, पण नेमका तिथेच रिमचा आधार जातो, आणि आत वळलेली धातूची कड पुंगळीला ओरखडते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, कान साफ करायची कापसाची काडी चेंबरच्या तोंडाभोवती एकदा फिरवावी. कापसाचा तंतू एकाच जागी अडकत असेल, तर रायफल बंदूक-दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे न्यावी.