संरक्षण तंत्रज्ञानाचं पेटंट बाजारात आणताना अर्ज कुठे अडतो

पेटंटचा अर्ज भरणं हा यातला सोपा भाग आहे. फॉर्म १, फॉर्म २, आकृत्या आणि शुल्क ऑनलाइन गेलं की अर्ज क्रमांक मिळतो. संशोधक स्वतः, त्याने ज्याला हक्क लिहून दिला ती व्यक्ती किंवा कंपनी, किंवा मृत संशोधकाचा कायदेशीर प्रतिनिधी, यांपैकी कोणीही अर्ज करू शकतं. शोध संरक्षणाचा असेल तर खरी अडचण पुढे सुरू होते.

आधी हक्काच्या कागदाचं बघू, कारण तो जवळपास कुणाकडेच तयार नसतो. कंपनीच्या नावाने अर्ज असेल, तर प्रत्येक संशोधकाने हक्क कंपनीला दिल्याचा पुरावा लागतो. तो अर्जासोबत नसेल तर सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ‘माणूस आमच्याकडे नोकरीला होता, म्हणजे शोध आमचाच’ असं आपला पेटंट कायदा मानत नाही. एका छोट्या कंपनीच्या फाइलवर मी काम केलं होतं. संशोधक चार, सह्या तीन. चौथा इंटर्न होता, काम संपवून गेलेला, फोन नंबर बदललेला. त्याला शोधून सही आणेपर्यंत पाच महिने गेले आणि त्या काळात गुंतवणूकदाराने हात आखडता घेतला. म्हणून कळकळीने सांगते, माणूस कामावर रुजू होतो त्याच दिवशी हक्काचा करार करून घ्या. कॉलेजची प्रयोगशाळा वापरली असेल तर तिच्याशीही लेखी ठरवा.

आता सहा आठवड्यांचा नियम. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्या कुणालाही लेखी परवानगीशिवाय परदेशात पेटंटचा अर्ज करता येत नाही. त्याच शोधाचा अर्ज भारतात आधी केलेला असेल, त्याला सहा आठवडे होऊन गेले असतील आणि गोपनीयतेचा आदेश लागू नसेल, तरच परवानगी लागत नाही. लोक यातलं फक्त ‘सहा आठवडे’ लक्षात ठेवतात. ‘त्याच शोधाचा’ हे शब्द नजरेतून सुटतात. भारतात चार पानांचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा आणि दोन महिन्यांनी परदेशी अर्जात सेन्सरची नवी रचना घालायची, असं सर्रास चालतं. त्या नव्या भागासाठी सहा आठवडे मोजायला सुरुवातच झालेली नसते. नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं, मिळालेलं पेटंट रद्द होऊ शकतं, शिवाय दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

परवानगीसाठी फॉर्म २५ असतो. एरवी त्याचा निकाल २१ दिवसांत लागायला हवा. पण संरक्षणाशी संबंधित शोधासाठी हे २१ दिवस केंद्र सरकारची संमती आल्यापासून मोजतात, आणि ती संमती कधी येईल हे अर्जदाराला कुणी सांगत नाही. ही पद्धत अन्यायाची आहे, पण आज तरी वेळापत्रक तिला धरूनच आखावं लागतं. परदेशी प्रदर्शनाची तारीख ठरवून मग फॉर्म २५ भरू नका.

कलम ३५ खाली गोपनीयतेचा आदेश आला तर घाबरून अर्ज मागे घेऊ नका. अर्जाची तपासणी चालू राहते, फक्त तो प्रसिद्ध होत नाही आणि पेटंट दिलं जात नाही. दर सहा महिन्यांनी आदेशाचा फेरविचार होतो, तुम्हीही तो मागू शकता. आदेश असताना सरकारने शोध वापरला तर मोबदल्याची तरतूद आहे.

स्वतःचा शोध नसेल आणि डीआरडीओचं तंत्रज्ञान घ्यायचं असेल, तर पेटंट वापरण्याची मुभा आणि तंत्रज्ञान हस्तांतरण या दोन गोष्टी वेगळ्या समजा. पेटंटमध्ये तत्त्व असतं. उत्पादनाचे आराखडे, चाचणीची पद्धत आणि प्रयोगशाळेचं मार्गदर्शन हस्तांतरणाच्या करारातून मिळतं. त्यासाठी कंपनीची क्षमता तपासतात, म्हणून ताळेबंद, यंत्रसामग्रीची यादी आणि गुणवत्ता प्रमाणपत्रं आधीच जमवून ठेवा. करार झाला म्हणजे लष्कराची ऑर्डर मिळाली असं नाही, हे बँकेत कर्ज मागण्याआधी नीट समजून घ्या.

वस्तू औद्योगिक परवान्याच्या यादीत आहे का, तेही पाहा. सुट्या भागांना बऱ्याचदा परवाना लागत नाही. निर्यात करायची असेल तर स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी, बघा. लष्करी वस्तूंच्या सहाव्या वर्गाची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. यादीतल्या वस्तूचे आराखडे ईमेलने परदेशी पाठवणं हीसुद्धा निर्यातच.

पेटंट मिळाल्यावर फॉर्म २७ राहतो, म्हणजे शोध भारतात प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं निवेदन. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तो दरवर्षी नाही, तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो. पेटंट ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालं असेल तर मोजणी एप्रिल २०२५ पासून होते आणि शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२८ येते. तोवर एकही नग विकला गेला नसेल तरी फॉर्म भरायचाच, आणि तसं कारणासह त्यात लिहायचं.