बाहुल्याचा जीव पाहुण्याच्या डोळ्यांत

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं एक बोलका बाहुला यायचा. नाव दाजी. लाल पगडी, रंग उडालेले गाल, आणि एक भुवई अशी की ती वर गेली की पहिल्या रांगेतल्या बायका वाक्य यायच्या आधीच हसायला लागत. दाजीला मांडीवर घेणारे काका दिवसा बँकेत नोकरी करत. ओळख करून देताना दाजी ठसक्यात सांगायचा, "राहणार सयाजीनगरी!" बडोदा हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. गणपतीला तो गजानन म्हणायचा. 'गणपती बाप्पा मोरया' तर स्वतः कधीच म्हणाला नाही. नुसता हात वर करायचा आणि उरलेलं आम्ही पोरं ओरडायचो.

लहानपणी वाटायचं, ही सयाजीराव महाराजांवरची निष्ठा आणि देवावरची भक्ती. ती असेलही. पण खरं कारण काकांच्या ओठांत होतं. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, आणि शब्दभ्रमकाराला ओठ हलवायची चोरी. सयाजीनगरी, गजानन, दाजी हे शब्द उच्चारून पाहा, ओठाला ओठ लागत नाही. बाप्पा मोरया म्हणून पाहा, म्हणजे काकांनी ते आमच्यावर का सोपवलं होतं ते कळेल. अडलंच तर शब्दभ्रमकार ब च्या जागी द किंवा ग च्या जवळचा आवाज काढतात, म च्या जागी न च्या जवळचा, आणि ऐकणारा आपल्या मनानं तो दुरुस्त करून घेतो. बाराखडी शिकवताना पवर्ग ओष्ठ्य असतो हे आम्हाला घोकून घेतलं होतं. त्याचा उपयोग मला इथं दिसला.

काका गेले. दाजी आता त्यांच्या पुतण्याच्या हातावर असतो. गेल्या वर्षी मंडळानं ठरवलं की दाजीबरोबर गल्लीतलीच एक सतरा वर्षांची मुलगी गाईल. तिची गाणी मोबाइलवर पुष्कळ लोक ऐकतात, शाळकरी मुलं तर तिच्यासाठी वेडी आहेत. मांडवात सरळ दोन तट पडले. मागे मुलं फोन उंचावून उभी, पुढे आमची मावशी आणि तिच्या वयाच्या बायका ओठ आवळून बसलेल्या. पहिलं गाणं संपल्यावर मावशी म्हणाली, "हा आपला दाजी नाही." बाहुला तोच होता, पगडी तीच, भुवई तीच. मावशीला काय जाणवलं होतं?

हाच तंटा फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला आहे. बाहुलेकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूची दोन अर्धुकं घेऊन कर्मिट नावाचा बाहुला बनवला. पुढे त्याचा हिरवा बेडूक झाला, त्याच्याभोवती मिस पिगी आणि सगळा मपेट बाहुल्यांचा परिवार जमला. २००४ मध्ये हा परिवार डिस्नेच्या मालकीचा झाला, आणि २००८ मध्ये डिस्ने चॅनलनं त्यांना मायली सायरस, जोनास ब्रदर्स अशा तेव्हाच्या किशोरवयीन ताऱ्यांबरोबर एका कार्यक्रमात आणलं. नव्या पिढीला आजीआजोबांच्या काळातले बाहुले भेटले म्हणून काही जुने चाहते सुखावले. काहींना ते अगदी सहन झालं नाही. पोरांच्या गर्दीत आमच्या बेडकाला प्यादं केलं, अशी त्यांची भावना होती.

यावर पटकन दिलं जाणारं उत्तर म्हणजे आठवणींचा गहिवर. त्यात तथ्य आहे. उतारवयात माणसाला आयुष्यातलं काय आठवतं हे तपासलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा उंचवटा दिसतो. तेव्हा जे पाहिलं, ऐकलं, ते आपलं; नंतरचं सगळं पाहुणं. पण एवढ्यानं मला समाधान होत नाही. कारण ज्या मूळ मपेट कार्यक्रमाची, म्हणजे १९७६ ते १९८१ च्या मालिकेची, हे चाहते आठवण काढतात, तिच्या जवळजवळ प्रत्येक भागात त्या त्या वेळचा कुणीतरी गाजलेला माणूस पाहुणा म्हणून यायचाच. १९८० मध्ये अभिनेत्री ब्रूक शील्ड्स आली ती पंधराएक वर्षांची होती. किशोरवयीन तारा आणि जुना बाहुला ही जोडी त्या सुवर्णकाळातही होती. तेव्हा पाहुण्याचं वय हे काही दुखणं नव्हे. दुखणं समजायचं तर आधी बाहुला जिवंत का वाटतो ते पाहावं लागेल.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत केली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन, बस्स. आकृत्या इकडून तिकडे सरकतात. ३४ जणांना विचारलं, काय पाहिलंत? एक जण सोडला तर कुणीही ते निव्वळ भूमितीच्या भाषेत सांगितलं नाही. मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलं आहे, धाकटा त्रिकोण त्याला वाचवतो आहे, अशा गोष्टी लोकांनी सांगितल्या. हालचालीला हेतू चिकटवल्याशिवाय आपल्या मेंदूला राहवत नाही. राजस्थानी कठपुतळीला तर पायही नसतात, घागऱ्याखाली नुसतं कापड असतं, तोंड कोरलेलं आणि कायमचं मिटलेलं, तरी ती नाचते आणि रुसते.

आवाजाचंही तसंच. काकांच्या घशातला आवाज दाजीच्या तोंडातून येतो असं आम्हाला खरोखर ऐकू यायचं, आणि तो आमचा बावळटपणा नव्हता. एखादी गोष्ट नेमकी कुठे आहे हे डोळा कानापेक्षा पुष्कळ अचूक सांगतो. दोघांची साक्ष वेगळी पडली की मेंदू ज्याच्यावर अधिक भरवसा त्याच्या बाजूनं निकाल देतो. २००४ मध्ये डेव्हिड अ‍ॅलेस आणि डेव्हिड बर यांनी हे फार सुंदर दाखवलं. पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका स्पष्ट असताना आवाज त्याच्या जागेकडे ओढला गेला. ठिपका मुद्दाम खूप धूसर केला तेव्हा उलट घडलं, ठिपकाच आवाजाकडे सरकल्यासारखा दिसला. म्हणजे हा डोळ्यांचा कायमचा विजय नाही. दर क्षणी केलेला हिशेब आहे. दाजीचं तोंड प्रत्येक अक्षराला वेळेवर उघडत होतं आणि काकांचे ओठ स्थिर होते, म्हणून आमचा हिशेब दाजीच्या बाजूनं लागत होता.

आता मावशीच्या तक्रारीकडे येतो. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. मुलांना सांगितलं, हे यंत्र कुठल्याही वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत काढतं. यंत्र अर्थातच बनाव होता. साध्या खेळण्याची प्रत मुलांनी आनंदानं घेतली. पण जे खेळणं घेऊन ती रात्री झोपत, त्याच्या बाबतीत बहुतेकांना मूळचंच हवं होतं, आणि काहींनी तर ते यंत्रात घालूच दिलं नाही. दिसायला सारखं असणं पुरत नाही. आत काहीतरी एकमेव आहे असं माणूस धरून चालतो, आणि हे धरून चालणं फार लहानपणी सुरू होतं.

बाहुल्याच्या आतलं हे एकमेव काय? हात आणि आवाज. हेन्सन १९९० मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी गेले. त्यानंतर कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हातावर आला आणि २०१७ पासून मॅट व्होगल यांच्या. मिस पिगीचेही हात २००८ पर्यंत बदलले होते. तेव्हा त्या कार्यक्रमात जुन्या चाहत्यांना दोन परके एकदम भेटले, समोरचा तरुण तारा आणि बेडकाच्या आतला नवा हात. राग काढायला तारा सोपा पडतो, कारण तो दिसतो. आमच्या मांडवातही हेच झालं असं मला वाटतं. मावशी काकांना शोधत होती. ते सापडले नाहीत आणि दोष मुलीच्या माथी आला.

पण हात बदलले की बाहुला मरतोच असंही नाही. आपल्याकडचे अर्धवटराव यशवंत पाध्ये यांच्या हातून रामदास पाध्ये यांच्या हाती आले, त्यांनी शंभरी ओलांडली, आणि मराठी माणसानं त्यांना परकं मानलं नाही. तिथं बापाकडून मुलाकडे आलेला वारसा लोकांच्या डोळ्यांसमोर होता, हे खरं. तरी प्रश्न उरतोच की नवा हात आणि नवा पाहुणा लोक कधी स्वीकारतात.

माझ्या मते इथं नजर सगळ्यात महत्त्वाची. मपेटांचे कारागीर डॉन साहलिन बुबुळं किंचित नाकाकडे झुकलेली बसवत. त्यामुळे बाहुला शून्यात न बघता कशाकडे तरी बघतो आहे असं दिसतं. मासाहिरो मोरी हे जपानी अभियंते १९७० मध्ये म्हणाले होते की यंत्रमानव माणसासारखा होत गेला की आधी आवडतो आणि मग एका टप्प्यावर अंगावर काटा आणतो. त्यांच्या आलेखातल्या या प्रसिद्ध दरीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. दरीच्या पलीकडच्या चढावर, माणसाच्या अगदी जवळ, त्यांनी बुनराकु या जपानी बाहुलीनाट्यातली बाहुली ठेवली होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. बुनराकुत एका बाहुलीला तीन माणसं हलवतात आणि तिघं प्रेक्षकांना दिसत असतात. तरी लोक रडतात.

दुसऱ्याच्या नजरेवरून आपण जग किती वाचतो, याचा एक जुना प्रयोग आहे. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं, काचेखाली पायरीइतका खड्डा दिसत होता. पलीकडे आई. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. समोरचं काय आहे हे ठरत नसलं की आपण तिसऱ्याचा चेहरा पाहतो. बाळांवरून थेट मांडवातल्या मावशीपर्यंत उडी मारणं धाडसाचं आहे, पण मला ती मारावीशी वाटते. बाहुला म्हणजे कायमचा न ठरलेला पदार्थ आहे, लाकूड की माणूस? पाहुणा त्याच्या डोळ्यांत बघून बोलला की आपण पाहुण्यावर विश्वास ठेवतो. पाहुणा कॅमेऱ्याकडे बघू लागला की त्याच क्षणी फळकुट आणि चिंध्या उरतात, मग हात कितीही कुशल असो. मपेटांच्या जुन्या भागांत गाजलेली मोठी माणसं त्या बेडकाशी बोलताना खाली लपलेल्या माणसाकडे चुकूनही बघत नाहीत.

आमच्या मांडवात पहिल्या गाण्यात ती मुलगी सगळा वेळ मागच्या फोनांकडे बघत होती. तिची चूक नाही, तिला तसंच गायची सवय. पुतण्यानं दाजीची मान दोनदा तिच्याकडे वळवली, तिला दिसलंच नाही. दाजी त्या चार मिनिटांत लाकडाचा झाला.

दुसऱ्या गाण्याआधी माइक खरखरायला लागला. मंडळाची मुलं वायरी तपासायला धावली. स्टेजवर करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा ती पोरगी दाजीच्या शेजारी स्टुलावर बसली आणि वाकून म्हणाली, "दाजी, तुम्हीच सांगा, कुणाचं गाणं म्हणू?" पुतण्याकडे तिनं पाहिलं नाही. दाजीच्या डोळ्यांकडे बघत ती उत्तराची वाट पाहत राहिली, आणि माइक नसल्यामुळे पुढच्या चार रांगा कान देऊन ऐकू लागल्या. दाजीची मान सावकाश वळली. भुवई वर गेली.

"गजाननाचं," दाजी म्हणाला, आणि त्यानं हात वर केला.

मागच्या मुलांनी फोन खाली घेतले होते. 'गणपती बाप्पा' सगळ्या मांडवानं म्हटलं, आणि पाठचा 'मोरया' मावशीचा होता, सगळ्यांच्या वर.