डब्यातल्या ६० तुकड्यांचं नेमकं करायचं काय?

लाकडी आकारांचा हा डबा घेतल्याबद्दल आभार. आता डबा उघडल्यावर बहुतेक घरात काय होतं ते आम्हाला माहितीये, आई नाहीतर बाबा एक तुकडा उचलतात, "सांग बघू हे काय?", पोरगं म्हणतं त्रिकोण, "शाब्बास!", मग दुसरा तुकडा, मग तिसरा, असे आठ-दहा झाले की परीक्षा संपली आणि डबा गेला कपाटावर. म्हणून हा कागद डब्यात घालतोय. नुसती नावं पाठ करून घ्यायची तर कोल्हापुरात महाद्वार रोडवर तक्ता मिळतो की, त्याला लाकूड कशाला पाहिजे. हे तुकडे मुलानं नीट बघावं आणि बघितलेलं स्वतःच्या शब्दात सांगावं यासाठी आहेत.

संचात ५ आकार आहेत, गोल, त्रिकोण, चौरस, आयत आणि षटकोन. रंग ३, लाल पिवळा निळा. प्रत्येक आकार लहान आणि मोठा, जाड आणि पातळ. म्हणजे ५ गुणिले ३ गुणिले २ गुणिले २, झाले ६०, आणि यातले कुठलेही दोन तुकडे अगदी सारखे नाहीत, सगळी गंमत त्यातच आहे. असले ठोकळे शाळांमधनं गाजवले हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीनेस (१९१६–२०१४) यांनी, त्यांच्या संचात षटकोन नव्हता म्हणून तुकडे ४८ होते.

पहिला खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत एक तुकडा टाका, मुलाला आत हात घालून न बघता सांगू दे. "टोकं हायत... तीन... बाजू सरळ हाय... पातळ हाय." मग विचारा, रंग कुठला? पोरगं दोन मिनिटं चाचपत बसतं आणि मग हसतं, रंग हाताला कळतच नाही! जाडी हाताला कळते, टोकं कळतात, रंगाला डोळेच लागतात, हे त्याचं त्यालाच समजतं, तुम्ही काही सांगू नका. "बाजू", "टोक", "सरळ", "वाकडी" एवढे शब्द आले तरी पहिल्या महिन्याला लई झालं.

वेगळ्या पुडीत काही पांढरे तुकडे आहेत, ते चुकून आलेले नाहीत, परत पाठवू नका 😄 एक लांबुडका काटकुळा त्रिकोण आहे आणि एक त्रिकोणासारखा दिसणारा पण त्याची एक बाजू फुगीर आहे. लहान मुलं आधी आकार अख्खा बघतात, बाजू-टोकं मोजून ठरवत नाहीत, हे नेदरलँड्समधल्या व्हान हीले पती-पत्नीनी १९५७ मध्ये मांडलंय. त्यामुळे काटकुळ्याला मूल "हा त्रिकोण नाही" म्हणतं आणि फुगीरवाल्याला खुशाल त्रिकोण म्हणतं. तसंच चौरस टोकावर उभा केला की त्याची लगेच शंकरपाळी होते. तेव्हा "चूक" म्हणू नका, तुकडा हळूहळू फिरवा आणि विचारा, फिरवल्यावर टोकं वाढली का? एखादी बाजू कमी झाली का? चौरस हा पण एक आयतच असतो ही भानगड मात्र चौथ्या वर्षी काढू नका, तिला अजून वेळ आहे.

आता वर्गवारी. इथं पालक सगळ्यात जास्त घाई करतात. "लाल इकडं ठेव, निळे तिकडं" असं सांगितलं की विचार तुमचा, मुलाकडं नुसती हमाली राहते. तुकडे ओता आणि म्हणा, "जे एकत्र राहतील असं तुला वाटतं ते एकत्र ठेव." मागं एक ताई मुलीला घेऊन दुकानात आलेल्या, मुलीनं दोन ढीग केले, एकात चौरस, त्रिकोण, गोल, सगळे रंग, सगळं मिक्स. आई म्हणाली अगं असं नाही, आम्ही म्हटलं थांबा ताई, आधी विचारा तर. तर ती म्हणते, "ही उभी राहत्यात, ती पडत्यात." जाड आणि पातळ! तिनं प्रत्येक तुकडा कडेवर उभा करून बघितला होता. जाड गोल उभे राहून घरंगळत जात होते, त्यांच्यासाठी तिनं तिसरा ढीग लावला.

ढीग लावून झाले की "कसं ठरवलंस?" एवढंच विचारा. मग म्हणा, हेच तुकडे आता दुसऱ्या कशावरनं तरी लाव. तीन वर्षांचं मूल इथं अडतं, रंगावरनं लावायला लागलं की आकाराकडं वळायला त्याला जड जातं, पाचाच्या आसपास जमायला लागतं, तोपर्यंत ओरडू नका.

मोठ्या मुलांसाठी सुतळीची दोन कडी, एकात लाल, एकात त्रिकोण. लाल त्रिकोण कुठं ठेवायचा यावरनं भांडण होऊ द्या, कडी एकमेकांवर सरकवायची युक्ती पोरंच काढतात. मधी बरोबर ४ तुकडे येतात.

सुट्टीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला गेलात तर कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपातले ४८ खांब दाखवा, तिथं चौकोनी, गोल, अनेक बाजूंचे भाग एकाच खांबावर सापडतात, वर छताला गोल उघडं तोंड आहे ते वेगळंच.

तीन वर्षांखालच्या बाळाच्या हातात तुकडे एकटं असताना देऊ नका, तोंडात घालतात. धुवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, पाण्यात लाकूड फुगतंय.

तुकडा हरवला तर अख्खा डबा घ्यायची गरज नाही, सुटा मिळतो. फक्त कुठला हरवलाय ते मुलालाच शोधू द्या, सगळे ओळीत लावले की मोकळी जागा दिसते. दुकानात आल्यावर त्यानंच सांगायचं, आकार, रंग, लहान का मोठा, जाड का पातळ, चारही गोष्टी. "तो निळा" एवढ्यावर आम्ही देत नाही, कारण निळे २० आहेत!