शिशुवयातील खेळकर व्यायाम

तीन ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या धावणे, उड्या मारणे, रांगणे, तोल सांभाळणे, फेकणे आणि झेलणे या हालचालींना खेळाचे, सोंगाचे किंवा गाण्याचे रूप देऊन त्या पुन्हापुन्हा करवून घेण्याची पद्धत. मोठ्यांच्या व्यायामातली मोजणी, ठरावीक आवर्तने आणि सलग श्रम तीत नसतात. ‘दहा उड्या मार’ म्हटले की या वयाचे मूल तिसऱ्या उडीला कंटाळते. तेच मूल बेडूक होऊन डबकी ओलांडताना तीस उड्या मारते. पायांना काम तेच पडते, पण आता उडीला कारण मिळालेले असते.

वेळ : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ व ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोरकस असावी. पडद्यासमोर बसणे १ तासाच्या आत असावे आणि मुलाला बाबागाडीत किंवा पट्ट्याच्या खुर्चीत एका वेळी १ तासाहून अधिक अडकवून ठेवू नये. १८० हा आकडा ऐकून पालक दचकतात. पण ही मिनिटे दिवसभर विखुरलेली असतात आणि जिना चढणे, खेळणी उचलणे हेही त्यांत धरले जाते. लहान मूल काही सेकंद जीव खाऊन पळते, थबकते, पुन्हा पळते. हे थबकणे म्हणजे आळस नव्हे, ती त्या वयाची चालच आहे. मोठ्यांनी आखलेला खेळ १५ ते २० मिनिटांचा पुरतो. त्यात एकेक प्रकार २ ते ४ मिनिटे चालवावा आणि मुले अजून मागत असतानाच बदलावा.

वयाचा अंदाज : तीन वर्षांच्या सुमारास मूल दोन्ही पायांनी उडी मारते, तीनचाकी सायकल चालवू लागते. चारच्या सुमारास हलका मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलते. लंगडी साधारणतः चार-पाच वर्षांची होताना जमते आणि एका पायाने आधी, दुसऱ्याने नंतर जमते. दोरीवरच्या उड्या यात धरू नयेत. दोरी फिरवणे आणि उडी यांचा मेळ बहुतेकांना शिशुवयानंतरच बसतो. त्या आधी दोरी जमिनीवर नागमोडी हलवून ‘सापावरून उडी’ खेळावी.

सोंगाच्या चाली : सर्वांत कमी साहित्यात सर्वाधिक श्रम यांतून होतात. अस्वलचालीत हातपाय जमिनीवर आणि गुडघे उचललेले असतात. खांद्यांवर भार येतो. खेकडाचालीत पोट वर करून उलटे चालायचे असते, ती अवघड असल्याने चार वर्षांनंतर घ्यावी. बेडूकउडी दमवते, म्हणून ५-६ उड्यांनंतर ‘बेडूक पानावर बसला’ असा विसावा द्यावा. सूचना एका वाक्याची असावी आणि मोठ्या माणसाने ती स्वतः करून दाखवावी. खुर्चीत बसून ‘अस्वल व्हा’ म्हणणाऱ्याचे अस्वल कोणी होत नाही.

नाच आणि पुतळा : गाणे चालू तोवर नाचायचे, थांबले की पुतळा व्हायचे. इथे खरी मेहनत थांबण्याची असते; चालू हालचाल आवरणे या वयात अवघड जाते आणि म्हणूनच मुलांना त्यात गंमत वाटते. हललेल्याला बाद करू नये.

झेलणे आणि फेकणे : झेलायला शिकवताना छोटा, कडक चेंडू दिला की मूल डोळे मिटून तोंड फिरवते आणि ती सवय लागते. आधी पातळ ओढणी किंवा रुमाल उडवावा. तो सावकाश खाली येतो, नजरेला वेळ मिळतो. मग २० ते २५ सेंमी. व्यासाचा मऊ चेंडू. रबरी फुगा सावकाश पडतो खरा, पण फुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. तो टाळलेलाच बरा. फेकण्यासाठी मोज्यांचे गोळे आणि १ ते दीड मीटरवर रुंद टोपली. जमले की मुलाला एक पाऊल मागे सरकवावे.

अडथळ्यांची वाट : ४ ते ६ टप्पे पुरेत. सुरुवातीला जमिनीवर चिकटपट्टीची ३ मीटर लांब रेघ, तिच्यावरून पाऊल जोडत चालणे. पुढे टेबलाखालून किंवा दोन खुर्च्यांवर टाकलेल्या चादरीखालून सरपटणे, मग २० ते ३० सेंमी. अंतराने ठेवलेल्या ४ कड्यांमधून उड्या, मग उशी ओलांडणे, शेवटी घंटा वाजवणे. घंटा विसरू नये. शेवट ऐकू आला की मूल आपणहून पहिल्या टप्प्याकडे पळते. वाट सरळ न आखता गोल आखावी, म्हणजे परतणारे आणि जाणारे एकमेकांवर आदळत नाहीत. उडी घेण्याची जागा मुलाच्या गुडघ्याहून उंच नसावी, उतरण्याच्या ठिकाणी चटई असावी आणि ‘मांजरासारखे, आवाज न करता’ उतरायला सांगावे. त्याने गुडघे आपोआप वाकतात. गुळगुळीत फरशीवर मोजे काढावेत.

कुठे बिनसते : बहुतेक वेळा रांगेत. दहा मुले आणि एकच कडे असेल तर प्रत्येक जण बराच काळ उभा राहतो आणि ढकलाढकली सुरू होते. दोन-तीन वाटा कराव्यात किंवा सर्वांनी एकदम खेळायचे खेळ घ्यावेत. दुसरी चूक बाद करण्याची : ज्याला सरावाची सर्वाधिक गरज तो सर्वांत आधी बाहेर बसतो. शेपटी-पकडीत, म्हणजे एकमेकांच्या रुमालाच्या शेपट्या ओढण्याच्या खेळात, कमरेला खोचलेला रुमाल गेला की लगेच दुसरा द्यावा. पडद्यावर बघून करायचे व्यायाम पावसाळी दिवशी चालतात, पण हळूहळू नजर पडद्यावर खिळते आणि हातपाय थांबतात.

बक्षिसाचा मोह आवरावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून चित्रे काढायला लावलेली शिशुशाळेतील मुले नंतर आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली. प्रयोग चित्रांचा होता, पण पळण्यावर खाऊ लावताना तो आठवावा. शिक्षा म्हणून पळायला लावणे त्याहून वाईट.

नुसते बघत उभे राहणाऱ्या मुलाला ओढू नये. बघणे ही त्याची पहिली पायरी असते. दोरीचे टोक धरणे, घंटा वाजवणे असे काम द्यावे. चाकांच्या खुर्चीतील मुलासाठी वाटेतील वस्तूंमध्ये खुर्ची वळेल इतके अंतर ठेवावे, कमी दिसणाऱ्यासाठी घुंगराचा चेंडू घ्यावा, मोठ्या आवाजाने बावरणाऱ्यासाठी शिटीऐवजी हात वर करण्याची खूण ठरवावी.

उन्हात दर १५-२० मिनिटांनी पाणी द्यावे. खेळात रमलेले मूल तहान सांगत नाही. पळताना वारंवार खोकला किंवा छातीत घरघर, सतत टाचा उचलून चालणे, एकच बाजू वापरणे किंवा आधी जमणारी हालचाल हरवणे दिसल्यास खेळ बदलत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.