पोटावरचे सहा चौकोन

‘पोटावर सहा सारखे चौकोन काढा, पिळदार शरीर तयार’ हा सल्ला चित्रकला शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. चौकोन दिसतात हे खरं, पण ते सारखे नसतात.

पोटाचा हा स्नायू म्हणजे बरगड्यांपासून ओटीपोटाच्या तळापर्यंत गेलेले दोन उभे पट्टे. त्यांना बहुधा ३ आडवे छेद असतात: बरगड्यांपाशी, बेंबीपाशी आणि या दोन्हींच्या मधे. बेंबीखाली सहसा छेद नसतो. तिथे चौकोन भरले की पोट चॉकलेटच्या वडीसारखं दिसतं.

खात्री करायचीय? पेठेतल्या तालमीत, विचारून, पैलवानांची पोटं बघा. डावे-उजवे छेद अनेकदा वरखाली असतात. काहींच्या पोटावर तर चरबीच्या थरामुळे एकही रेघ नसते, आणि ताकद मात्र भरपूर!

काढताना आधी मधली उभी रेघ, मग बेंबी, छेद शेवटी आणि फिकट.