कलेजी, ब१२ आणि एक टक्का

यकृत ही शरीराची गाळणी असल्यामुळे सगळी विषद्रव्ये त्यात साठून राहतात आणि म्हणून कलेजी खाऊ नये, असा समज चांगल्या शिकल्यासवरल्या मांसाहारी लोकांतही आढळतो. उलट टोकाला, सुकवलेल्या यकृताची पूड कॅप्सुलांत भरून ‘आदिमानवाचा आहार’ म्हणून खपवणाऱ्या जाहिराती आहेत. यकृत मुळात काम काय करते, याची चौकशी दोन्ही पक्षांनी केलेली दिसत नाही. गाळणीत चोथा अडकून राहतो. यकृतातील विकरे मात्र औषधे, मद्य, अमोनिया अशा पदार्थांचे रासायनिक रूपांतर करतात आणि मग ते लघवीवाटे किंवा पित्तावाटे शरीराबाहेर जातात. कॅडमियमसारखे जड धातू हा खरा अपवाद आहे. ते वर्षानुवर्षे साठत जातात, पण त्यांचा मुख्य साठा मूत्रपिंडात होतो. तेव्हा शंका घ्यायचीच असेल, तर ती वयस्क जनावराच्या गुर्द्याबद्दल घ्यावी.

यकृतात साठवण होते ती पोषकद्रव्यांची: अ जीवनसत्त्व, लोह, तांबे, फोलेट आणि विशेषतः ब१२. गाय-बैलाच्या १०० ग्रॅम कच्च्या यकृतात सुमारे ६० मायक्रोग्रॅम ब१२ असते. त्याच जनावराच्या तेवढ्याच स्नायुमांसात ते दोन-तीन मायक्रोग्रॅमच भरते, आणि प्रौढ माणसाला रोज आहारातून २.४ मायक्रोग्रॅम पुरते. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती किंवा कोणताही प्राणी स्वतः तयार करू शकत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू चाऱ्यातून आलेल्या कोबाल्टचा वापर करून ते बनवतात आणि जनावराचे यकृत ते साठवून ठेवते.

ब१२ चा शोध कलेजीमुळेच लागला, आणि तोही काहीशा चुकीच्या वाटेने. अमेरिकी संशोधक जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना रक्तक्षय घडवून आणला आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येते ते पाहिले. यकृत सर्वांत सरस ठरले. त्यावरून बोस्टन येथील डॉक्टर जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ‘पर्निशियस ॲनिमिया’ या त्या काळी हटकून प्राण घेणाऱ्या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज १२० ते २४० ग्रॅम यकृत खाऊ घातले, आणि १९२६ मध्ये ४५ रुग्णांचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की व्हिपल यांच्या कुत्र्यांना रक्तस्रावामुळे लोहाची कमतरता झाली होती आणि यकृतातील लोहाने ती भरून निघाली, तर मायनॉट यांच्या रुग्णांना कमतरता होती ब१२ ची, ज्याचे अस्तित्वच तोवर कोणाला ठाऊक नव्हते; ते शुद्ध रूपात हाती आले १९४८ मध्ये.

पण या रुग्णांच्या आहारात मांस असतानाही त्यांना ब१२ कमी का पडत होते? बोस्टनचेच डॉक्टर विल्यम कॅसल यांनी हे एका किळसवाण्या, पण चोख प्रयोगाने दाखवले. निरोगी माणसाने खाल्लेले मांस तासाभराने त्याच्या जठरातून काढून रुग्णांना दिले, तेव्हा त्यांचे रक्त सुधारले; नुसत्या मांसाने सुधारले नव्हते. याचा अर्थ निरोगी जठर मांसात काहीतरी मिसळत होते. आज आपल्याला त्याची साखळी माहीत आहे. जठरातील आम्ल ब१२ ला अन्नातील प्रथिनांपासून सोडवते, आणि लगेच लाळेतून आलेले हॅप्टोकॉरिन नावाचे प्रथिन त्याला पकडून आम्लापासून वाचवते. पुढे लहान आतड्याच्या आरंभी स्वादुपिंडाची विकरे हॅप्टोकॉरिनचे तुकडे करतात, आणि मोकळे झालेले ब१२ जठराच्या भित्तिपेशींनी स्रवलेल्या ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ या दुसऱ्या प्रथिनाशी बांधले जाते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील ग्राहके, म्हणजे ठरावीक पदार्थ ओळखून आत घेणारी प्रथिने, या जोडीलाच ओळखतात, एकट्या ब१२ ला नाही. एका जेवणातून या मार्गाने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जाते, कारण ग्राहकांची संख्या मर्यादित असते. पर्निशियस ॲनिमियात रोगप्रतिकारक यंत्रणा या भित्तिपेशींवरच हल्ला करते, आणि साखळी मध्येच तुटते.

मग कलेजीने गुण कसा आला? आतड्याच्या भिंतीतून सुमारे एक टक्का ब१२ कोणत्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय, नुसते झिरपून आत जाते. २०० ग्रॅम यकृतात १२० मायक्रोग्रॅम धरले, तर त्याचा एक टक्का म्हणजे १.२ मायक्रोग्रॅम. रोजच्या २.४ मायक्रोग्रॅमपैकी निरोगी माणूस शोषतो ते निम्मे, म्हणजेही १.२! मायनॉट यांना हा हिशेब माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी रुग्णांना ताटभर कलेजी खायला लावली म्हणून तो जुळून आला.

जो अवयव दुबळा तोच खावा, म्हणजे बुद्धीसाठी भेजा आणि हृदयविकारावर हृदय, या जुन्या कल्पनेला मात्र अशा कोणत्याही हिशेबाचा आधार नाही. खाल्लेल्या हृदयाच्या प्रथिनांची आतड्यात अमिनो आम्ले होतात, आणि ती हृदयातून आली की डाळीतून, याची शरीराला खबर नसते. भेज्यात कोलेस्टेरॉल इतर कोणत्याही मांसापेक्षा कितीतरी अधिक असते, वजडीत जीवनसत्त्वे बेताचीच असतात, आणि यकृत व गुर्दा या दोहोंतील प्युरिन नावाच्या घटकांपासून युरिक आम्ल तयार होत असल्याने गाऊट या सांधेदुखीच्या विकाराच्या रुग्णांनी त्यांपासून दूर राहावे.

कलेजीबाबत खरी सावधगिरी हवी ती अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत. जादा ब१२ लघवीतून निघून जाते. अ जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे साचत राहते. गाय-बैलाच्या १०० ग्रॅम शिजवलेल्या यकृतात ते सुमारे ९,००० मायक्रोग्रॅम असते, आणि प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. एखाद्या दिवशी ती ओलांडल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या यकृतात साठवायला जागा असते. रोज ओलांडली, तर डोकेदुखी, त्वचेची सालपटे निघणे आणि पुढे यकृताचीच हानी, असा क्रम लागतो. गरोदरपणी अतिरिक्त रेटिनॉल, म्हणजे यकृतात असते त्या रूपातील अ जीवनसत्त्व, गर्भात व्यंग निर्माण करू शकते, म्हणून त्या काळात कलेजी टाळण्याचा सल्ला दिला जातो. गाजरातील बीटा कॅरोटीनला ही अट लागू नाही, कारण त्याचे अ जीवनसत्त्वात रूपांतर किती करायचे हे शरीर गरजेनुसार ठरवते. एरवी आठवड्यातून एकदा, बेताच्या प्रमाणात आणि आतपर्यंत नीट शिजवून कलेजी खायला निरोगी प्रौढाला काहीच हरकत नाही.